'स्थळ' आणि स्थळ : निवासस्थानाचा जोडीदार-निवडीवर होणारा परिणाम (महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात)

सारांश

व्यक्ती कोणत्या गावात अथवा शहरात राहते, यावर तिला जोडीदार मिळण्याची शक्यता मोठ्या प्रमाणावर अवलंबून असते. या प्रश्नाचा विचार बहुधा स्त्री-पुरुष संख्येच्या प्रमाणापुरताच केला जातो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील जनगणनेची आकडेवारी आणि समाजशास्त्र व अर्थशास्त्र या विषयांतील काही महत्त्वाची विवेचने यांच्या आधारे असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे, की केवळ संख्या हा प्रश्न उलगडत नाही. विवाहानंतर स्त्रीने पतीच्या घरी राहावयास जाण्याची प्रथा जोवर सार्वत्रिक आहे, तोवर स्त्रीच्या दृष्टीने वर निवडणे म्हणजे राहण्याचे ठिकाण निवडणे होय. त्यामुळे शहर हे पुरुषाच्या पारड्यात पात्रता म्हणून, तर स्त्रीच्या पारड्यात आयुष्याची दिशा म्हणून पडते. ग्रामीण अविवाहित तरुणांचा आजचा प्रश्न या भूमिकेतून समजून घेणे आवश्यक आहे.

बीजसंज्ञा : विवाहक्षेत्र, लिंग गुणोत्तर, स्थलांतर, समीपता, पतिगृही निवास, जोडीदार-निवड.

१. प्रस्तावना

मराठी भाषेत विवाहयोग्य मुलामुलीला 'स्थळ' असे म्हणतात. 'मुलीसाठी स्थळ पाहत आहोत', 'स्थळ सांगून आले', 'स्थळ चांगले होते पण पत्रिका जुळली नाही' अशी वाक्ये घरोघरी ऐकू येतात. स्थळ या शब्दाचा मूळ अर्थ जागा, ठिकाण असा आहे. व्यक्तीविषयी बोलताना ठिकाणाचा शब्द वापरावा, हा केवळ भाषेचा योगायोग नव्हे. 'लेक कोठे दिली?' या प्रश्नाचे अपेक्षित उत्तर जावयाचे नाव हे नसते, गावाचे नाव हे असते. सोयरीक जुळविताना आपला समाज माणसाबरोबर ठिकाणही तोलत आला आहे, याची साक्ष या शब्दप्रयोगांतून मिळते.

तथापि, ठिकाण तोलण्याचे निकष गेल्या दोन-तीन पिढ्यांत बदलले. पूर्वी गावात जमीन किती, विहिरीला पाणी किती, घराणे कोणते हे विचारले जाई. आज 'मुलगा पुण्यात असतो का?' हा प्रश्न त्याआधी येतो. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापूर येथे अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या पोशाखात, काहींनी घोड्यावर बसून, जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला आणि 'आम्हाला वधू मिळवून द्या' अशी मागणी केली. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याची कठोर अंमलबजावणी व्हावी, हीही त्यांची मागणी होती. वृत्तपत्रांनी या घटनेकडे बहुतांशी गंमत म्हणून पाहिले. वस्तुतः विवाहासारखी खाजगी बाब शासनाच्या दारात न्यावी लागणे ही गंभीर सामाजिक घटना होय. तिची कारणमीमांसा करणे हे सामाजिक शास्त्रांच्या अध्यापकांचे काम आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) निवासस्थान आणि जोडीदार मिळण्याची शक्यता यांतील संबंध स्पष्ट करणे.
(२) महाराष्ट्रातील जिल्हानिहाय लिंग गुणोत्तराचा या संदर्भात अर्थ लावणे.
(३) शहरी व ग्रामीण विवाहक्षेत्रांच्या कार्यपद्धतीतील फरक विशद करणे.

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनसामग्रीचा उपयोग केला आहे. २०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना वेळेवर होऊ न शकल्याने जिल्हानिहाय आकड्यांसाठी २००१ व २०११ च्या जनगणनांचा आधार घेतला आहे. 'जोडीदार-निवड' या संज्ञेत पालकांनी ठरविलेला विवाह आणि तरुण-तरुणींनी परस्पर परिचयातून घेतलेला निर्णय या दोहोंचा समावेश केला आहे. महाराष्ट्रात या दोन पद्धती एकमेकींपासून पूर्णपणे वेगळ्या राहिलेल्या नाहीत.

३. संकल्पनात्मक पार्श्वभूमी

३.१ विवाहक्षेत्र : ज्या भौगोलिक व सामाजिक वर्तुळातून व्यक्तीला जोडीदार मिळू शकतो, त्यास विवाहक्षेत्र म्हणता येईल. त्याला दोन मर्यादा असतात. एक अंतराची व दुसरी जात, गोत्र, वर्ग, शिक्षण यांची. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील नातेसंबंधांवरील ग्रंथात उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील पद्धतींतील भेद दाखविला आहे. उत्तरेत स्वतःच्या गावात सोयरीक करणे निषिद्ध मानले जाते व मुलगी अनोळखी गावी जाते. दक्षिणेत जवळच्या नात्यातील विवाह मान्य आहेत. महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर आहे. येथील अनेक समाजांत मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानला जात असे. या प्रथेमुळे गावातील सामान्य मुलालाही एक ठरलेले स्थळ उपलब्ध असे. मुलींचे शिक्षण वाढले व नात्यातील विवाहाविषयी आरोग्यविषयक जाणीव आली, तसतशी ही प्रथा मागे पडू लागली. तो बदल इष्टच आहे. परंतु त्यामुळे ग्रामीण तरुणाचे परंपरेने हमी दिलेले स्थळ नाहीसे झाले, हेही नोंदविले पाहिजे.

३.२ समीपता : माणसे जवळ राहणाऱ्यांशी विवाह करतात, हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जेम्स बोसार्ड यांनी १९३२ मध्ये प्रत्यक्ष मोजून दाखविले. फिलाडेल्फिया शहरातील ५,००० विवाह-परवान्यांच्या अर्जांवरील पत्ते त्यांनी तपासले. सुमारे एक तृतीयांश जोडप्यांतील वधू-वर विवाहापूर्वी एकमेकांपासून पाच ब्लॉकच्या, म्हणजे साधारण पाच गल्ल्यांच्या, आत राहत होते. लाखो लोकांच्या महानगरातही जोडीदार शेजारच्या गल्लीतच मिळतो, असा याचा अर्थ होतो. अर्थात, ती गल्ली कोणत्या वर्गाची व वंशाची आहे, हे शहराने आधीच ठरविलेले असते. म्हणून समीपता ही जितकी भौगोलिक, तितकीच सामाजिक असते.

३.३ पतिगृही निवास व ऊर्ध्वगामी विवाह : विवाहानंतर स्त्रीने पतीच्या घरी जाणे आणि मुलगी आपल्यापेक्षा किंचित वरच्या स्थितीतील घरी देणे, या दोन प्रथा एकत्र आल्या की विवाहाला एक उतरंड प्राप्त होते. मुली खालून वर सरकतात. परिणामी उतरंडीच्या तळाशी अविवाहित पुरुष साचतात आणि शिखराशी उच्चशिक्षित, कमावत्या स्त्रियांना 'अनुरूप' वर मिळेनासा होतो. एकाच राज्यात शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही आणि महानगरातील उच्चपदस्थ मुलीला मुलगा मिळत नाही, या दोन तक्रारी एकाच वेळी का ऐकू येतात, याचा उलगडा येथे होतो. त्या परस्परविरोधी नसून एकाच रचनेची दोन टोके आहेत.

४. आकडेवारीचे विवेचन

दर हजार पुरुषांमागे असलेल्या स्त्रियांच्या संख्येस लिंग गुणोत्तर म्हणतात. २०११ च्या जनगणनेनुसार काही जिल्ह्यांचे गुणोत्तर पुढे दिले आहे.

तक्ता क्र. १ : निवडक जिल्ह्यांतील लिंग गुणोत्तर (२०११)
रत्नागिरी : १,१२२
सिंधुदुर्ग : १,०३६
कोल्हापूर : ९५७
सोलापूर : ९३८
बीड : ९१६
पुणे : ९१५
मुंबई उपनगर : ८६०
मुंबई शहर : ८३२
महाराष्ट्र (एकूण) : ९२९
महाराष्ट्र (ग्रामीण) : ९५२
महाराष्ट्र (नागरी) : ९०३

हा तक्ता वरवर वाचला तर विचित्र निष्कर्ष निघतो. जोडीदार मिळणे ही केवळ संख्येची बाब असती, तर रत्नागिरीतील तरुणांना वधू मिळण्यात काहीच अडचण नसती आणि बिनलग्नाच्या पुरुषांचे मोर्चे मुंबईत निघाले असते. प्रत्यक्षात मोर्चा निघाला तो सोलापुरात. तेथील गुणोत्तर राज्याच्या सरासरीहून थोडे अधिकच आहे. म्हणजे एकूण लिंग गुणोत्तर आणि विवाहाची शक्यता यांचा संबंध सरळ नाही.

याची तीन कारणे सांगता येतील. पहिले, एकूण गुणोत्तरात सर्व वयाच्या, विवाहित व विधवा स्त्रियाही मोजल्या जातात. रत्नागिरीचे गुणोत्तर हजारावर आहे ते तेथे विवाहयोग्य मुली अधिक आहेत म्हणून नव्हे, तर तेथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेले म्हणून. दुसरे, विवाहाच्या वयातील प्रत्यक्ष स्थिती समजण्यासाठी बाल लिंग गुणोत्तर (० ते ६ वर्षे) पाहावे लागते. २००१ मध्ये हे गुणोत्तर महाराष्ट्रात ९१३, सांगलीत ८५१ आणि कोल्हापुरात ८३९ होते. त्या वेळची बालके आज विवाहाच्या वयात आहेत. ऊस, सहकार आणि साखर कारखान्यांच्या या संपन्न पट्ट्यात दर हजार मुलग्यांमागे दीडशे मुली कमी होत्या. त्या उणिवेची जाणीव समाजाला वीस-पंचवीस वर्षांनी झाली. २०११ मध्ये राज्याचे बाल लिंग गुणोत्तर आणखी घसरून ८९४ झाले आणि बीड जिल्ह्यात ते ८०७ इतके खाली गेले. ती पिढी आता विवाहाच्या वयात प्रवेश करू लागली आहे. म्हणजे प्रश्नाची तीव्रता पुढील दशकात वाढण्याचीच शक्यता आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वप्रथम, १९८८ मध्ये, कायदा करणारे राज्य महाराष्ट्रच होते, ही गोष्ट या संदर्भात अंतर्मुख करणारी आहे.

तिसरे व सर्वांत महत्त्वाचे कारण असे, की मुली जिल्ह्याच्या सीमेत थांबत नाहीत. भारतात स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह हेच आहे. ज्या जिल्ह्यात मुली कमी जन्मल्या, तेथेच वधूंची टंचाई जाणवेल असे नाही. संपन्न जिल्हा अथवा शहर ही उणीव इतर ठिकाणांहून वधू आणून भरून काढू शकते. टंचाई सरकत सरकत शेवटी त्या गावात जाऊन थांबते, जेथे कोणी आपली मुलगी देऊ इच्छित नाही.

५. शहर व विवाह : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मुंबईत १८५० च्या दशकात पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि पुढील शतकभर कोकण व देशावरील पुरुष तेथे येत राहिले. १९२१ च्या जनगणनेच्या वेळी मुंबईत दर हजार पुरुषांमागे सहाशेहूनही कमी स्त्रिया होत्या. गिरणगावातील चाळींच्या एकेका खोलीत दहा-बारा पुरुष पाळीपाळीने झोपत आणि खाणावळीत जेवत. परंतु हे पुरुष बहुतांशी अविवाहित नव्हते. त्यांचे विवाह गावी होत. पत्नी गावी राहून शेती, सासू-सासरे व मुले सांभाळी; पती मनीऑर्डर पाठवी आणि शिमग्याला अथवा गणपतीला गावी येई. मुंबईची नोकरी हे वराचे भूषण होते, पण वधूचे निवासस्थान मात्र गावच होते.

या व्यवस्थेत शहर हे कमाईचे ठिकाण व गाव हे संसाराचे ठिकाण, अशी विभागणी होती. तिची किंमत स्त्रिया मोजत होत्या. वर्षातील बहुतेक काळ पतीविना राहणे, घरचे व शेतीचे दुहेरी कष्ट उपसणे हे त्यांच्या वाट्याला येई. त्या व्यवस्थेत वधूला तिची पसंती विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, म्हणून ती टिकली.

पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. औद्योगिक वसाहती पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे वाढल्या. सेवाक्षेत्राचा विस्तार झाला. मुली दहावी-बारावीच्या पुढे शिकू लागल्या. या सर्वांतून जो बदल झाला, त्याचे सार एका वाक्यात सांगता येईल : पूर्वी विवाह ठरविताना 'वर कोठे कमावतो' हे पाहिले जाई, आता 'वधू कोठे राहणार' हे पाहिले जाते. शहर-ग्राम विवाहक्षेत्रातील सारे फेरबदल या एका बदलाभोवती फिरतात.

६. शहराचे कार्य : संधी व तिच्या मर्यादा

शहर जोडीदार-निवडीवर प्रामुख्याने तीन प्रकारे परिणाम करते. प्रथमतः, ते संख्या वाढविते. महाविद्यालय, कार्यालय, वसतिगृह, लोकलमधील रोजचा प्रवास, छंदवर्ग यांतून विवाहयोग्य वयाच्या अनेकांशी परिचय होतो. दुसरे, ते अनामिकता देते. जर्मन समाजशास्त्रज्ञ जॉर्ज झिमेल यांनी १९०३ मधील महानगरावरील आपल्या निबंधात शहरी माणसाचा अलिप्तपणा आणि त्याचे स्वातंत्र्य या एकाच गोष्टीच्या दोन बाजू असल्याचे दाखविले. गावात एखादी मुलगी एसटी थांब्यावर एखाद्या मुलाशी दोन मिनिटे बोलली, तर ती घरी पोहोचण्यापूर्वी वार्ता पोहोचते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलेल्या जोडप्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. परिचय, मैत्री, नकार आणि पुन्हा नवा परिचय या क्रमास अशी अनामिकता आवश्यक असते. विशेषतः मुलीला नकार देण्याचे स्वातंत्र्य तेथेच मिळते, जेथे त्या नकाराची चर्चा तिच्या पुढील स्थळांपर्यंत पोहोचत नाही. तिसरे, शहरात स्त्रीला स्वतःचे उत्पन्न मिळण्याची शक्यता असते. त्यामुळे विवाहाचा निर्णय लांबणीवर टाकणे तिला परवडते.

परंतु या स्वातंत्र्याची अतिशयोक्ती करता कामा नये. मुंबईत जोडीदार मिळाला तरी घर मिळत नाही. स्वतंत्र खोलीअभावी विवाह पुढे ढकलणारी जोडपी हा मुंबईच्या मध्यमवर्गीय जीवनाचा जुना अनुभव आहे. विरार अथवा बदलापूरला राहणाऱ्या मुलाचे स्थळ दादरच्या मुलीस 'लांबचे' वाटते. म्हणजे शहराच्या पोटातही पुन्हा स्थळांची उतरंड असते. अविवाहितांना घर भाड्याने न देणाऱ्या गृहनिर्माण संस्था अनामिकतेची मर्यादा दाखवून देतात.

जातीच्या बाबतीत तर शहराने फारच थोडी मोकळीक दिली आहे. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणानुसार देशातील आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे पाच टक्के इतकेच आढळले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, मैत्रीश घटक व जीन लाफॉर्च्यून यांनी कोलकात्यातील वृत्तपत्रीय विवाहविषयक जाहिरातींचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शिक्षित शहरी मध्यमवर्गातही स्वजातीस अत्यंत प्रबळ पसंती असल्याचे दिसून आले. पुण्या-मुंबईतील जातनिहाय वधू-वर मेळावे आणि विवाहविषयक संकेतस्थळांवरील पोटजातीचा रकाना हेच सांगतात. लाखोंच्या शहरात विवाहयोग्य मुलाला स्वजातीतील, स्ववर्गातील व स्वतःच्या शिक्षणाच्या पातळीवरील मुली शोधावयाच्या असल्या, की त्याचे विवाहक्षेत्र पुन्हा एखाद्या गावाएवढे लहान होते.

कायद्यातही निवासस्थानाचा संदर्भ आहे. विशेष विवाह अधिनियम, १९५४ अन्वये विवाहाची नोटीस ज्या जिल्ह्यात द्यावयाची, त्या जिल्ह्यात वधू-वरांपैकी एकाने नोटिशीपूर्वी किमान तीस दिवस वास्तव्य केलेले असावे लागते आणि नोटिशीनंतर आणखी तीस दिवस थांबावे लागते. ती नोटीस कार्यालयात दर्शनी भागी लावली जाते. महानगरातील नोटीस-फलकावरील नाव बहुधा कोणी वाचत नाही. लहान शहरात ते त्याच दिवशी घरी कळते. तोच कायदा दोन ठिकाणी दोन प्रकारे वागतो तो असा.

७. गावाचे कार्य : अविवाहित तरुणाची समस्या

ग्रामीण अविवाहित पुरुषांच्या प्रश्नाचे एक मूलगामी विवेचन फ्रान्समध्ये झाले आहे. पिअर बूर्दिए यांनी १९६२ मध्ये आपल्या जन्मप्रदेशातील, नैर्ऋत्य फ्रान्समधील बेआर्न भागातील, शेतकरी पुरुषांच्या अविवाहितपणावर दीर्घ लेख लिहिला. नाताळच्या सुमारास होणाऱ्या ग्रामीण नृत्यसमारंभाचे वर्णन त्यात आहे. शहरी चालीरीती आत्मसात केलेले तरुण मुलींसोबत नाचत असतात आणि वाड्यावस्त्यांवरील शेतकरी भिंतीलगत उभे राहून ते पाहत राहतात. विशेष म्हणजे त्यांत जमिनीचा वारसा लाभलेले थोरले मुलगेही होते. एके काळी जमिनीमुळे ज्यांना प्रथम वधू मिळे, त्यांनाच आता जमिनीमुळे वधू मिळेनाशी झाली. कारण जमीन त्यांना गावाशी जखडून ठेवीत होती. मुलींनी मात्र शहराची मूल्ये लवकर स्वीकारली, कारण गावात त्यांचे गमावण्यासारखे फारसे काही नव्हते.

महाराष्ट्रातील परिस्थिती तपशिलात भिन्न आहे. येथे नृत्यसमारंभाऐवजी कांदेपोह्यांचा कार्यक्रम असतो आणि निर्णयात पालकांचा वाटा मोठा असतो. परंतु तर्क तोच आहे. पाच एकर बागायती असलेल्या शेतकऱ्याच्या मुलाऐवजी औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगाराचे स्थळ पसंत केले जाते, याचे अनेकांना नवल वाटते. उत्पन्नाच्या दृष्टीने हा निर्णय तर्कविसंगत भासतो. मात्र वधूच्या दृष्टीने पाहिल्यास तो सुसंगत ठरतो. शेतीच्या घरात तिच्या वाट्याला पहाटेपासून गोठा, पाणी, स्वयंपाक, खुरपणी आणि एकत्र कुटुंबातील धाकटेपण येते. जमीन तिच्या नावावर नसते. शहरात दोन खोल्यांचे भाड्याचे घर असले तरी नळाला पाणी, जवळ दवाखाना, मुलांना शाळा आणि स्वतः चार पैसे कमावण्याची शक्यता असते. एकाच उत्पन्नाची किंमत दोन ठिकाणी स्त्रीसाठी वेगवेगळी असते.

शेतकरी पालकही आपली मुलगी शेतकऱ्याला देण्यास का कचरतात, याचे उत्तरही विवेकाच्या कक्षेतलेच आहे. मार्क रोझेन्झ्वाइग व ओडेड स्टार्क या अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात असे प्रतिपादन केले, की कोरडवाहू भागातील कुटुंबे मुलींचे विवाह दूरच्या गावी करतात, त्यामागे जोखीम वाटून घेण्याचा हेतू असतो. एका गावी पाऊस चुकला तरी दुसऱ्या गावची सोयरीक आधाराला येते. त्यांनी इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या ग्राम-अभ्यासातील माहितीचा उपयोग केला होता. १९७५ मध्ये सुरू झालेल्या त्या ग्राम-अभ्यासात सोलापूर व अकोला जिल्ह्यांतील गावेही होती. आजचे पालक तोच तर्क पुढे नेत आहेत. दुष्काळ, अवकाळी पाऊस आणि बाजारभाव यांचा फटका आता एकाच वेळी सर्व गावांना बसतो. मग पावसावर अवलंबून नसलेली सोयरीक शहरातच सापडते.

या परिस्थितीचे काही दुष्परिणाम चिंताजनक आहेत. दलालांमार्फत पैसे देऊन परजिल्ह्यातून वा परराज्यातून वधू आणणे, त्यातून होणारी फसवणूक आणि अशा रीतीने आणलेल्या स्त्रियांचे शोषण यांच्या बातम्या येत असतात. मुलींची संख्या घटली की त्यांचे मोल आपोआप वाढेल, हा भाबडा समज आहे. टंचाई असलेल्या समाजात स्त्रीवरील पहारा आणि लवकर लग्न उरकण्याची घाईही वाढू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झाला होता. ज्या राज्यात मुली 'मिळत नाहीत', त्याच राज्यात पाचांतील एका मुलीचे लग्न कायद्याने ठरविलेल्या वयाआधी होते, ही विसंगती डोळ्यांआड करता येणार नाही.

८. महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने महत्त्व

तालुक्याच्या ठिकाणी अध्यापन करणाऱ्या प्रत्येकास या प्रश्नाचे प्रतिबिंब वर्गात दिसते. मुलींच्या बाबतीत पदवी ही अनेकदा शहरातील स्थळ मिळविण्याची पात्रता म्हणून पाहिली जाते. सुपारी फुटली की तिसऱ्या वर्षाची परीक्षाही दुय्यम ठरते. मुलांच्या बाबतीत, शेतीत चांगली गती असलेला विद्यार्थीही केवळ परिचयपत्रात 'पुणे' हा शब्द यावा म्हणून शहरात मिळेल ती नोकरी धरतो. विवाहासाठी शहर गाठावयाचे, शहरात टिकण्यासाठी शेत विकावयाचे, हा मार्ग अनेक कुटुंबांनी पत्करला आहे.

अशा वेळी 'आजकालच्या मुलींच्या अपेक्षा फार वाढल्या' हे वाक्य स्टाफरूममध्येही सहजपणे उच्चारले जाते. वरील विवेचनाच्या प्रकाशात ते तपासून घेण्याची गरज आहे. ज्या व्यक्तीला विवाहामुळे आपले गाव, घर, माणसे व बहुधा अभ्यासही सोडावा लागणार आहे, तिने जावयाचे ठिकाण पारखून घ्यावे यात अवाजवी काय आहे? स्थलांतर एकतर्फी असेल तर त्याविषयीचा विचारही स्थलांतर करणाऱ्यानेच अधिक करावा, हे स्वाभाविक होय. त्याचबरोबर गावात राहिलेल्या तरुणास नाकर्ता ठरविणेही अन्यायाचे आहे. त्याला येणारा नकार बहुतेक वेळा त्याच्या व्यक्तित्वाला नसतो, त्याच्या पत्त्याला असतो. हा भेद त्याला समजावून सांगणारे कोणी नसल्याने तो नकार स्वतःवर ओढवून घेतो.

९. निष्कर्ष

(१) निवासस्थानाचा जोडीदार-निवडीवरील परिणाम केवळ स्त्री-पुरुष संख्येच्या प्रमाणातून होत नाही. मुंबई व रत्नागिरी यांचे गुणोत्तर आणि सोलापूरचा मोर्चा यांची तुलना हे स्पष्ट करते.
(२) बाल लिंग गुणोत्तरातील घट ही टंचाई निर्माण करते. ती टंचाई कोणाच्या वाट्याला येईल हे मात्र ठिकाणांची उतरंड ठरविते.
(३) शहर परिचयाची संधी व अनामिकता देते, परंतु जात, वर्ग व घराची उपलब्धता त्या संधीला पुन्हा संकुचित करतात.
(४) पतिगृही निवासाच्या प्रथेमुळे स्त्रीसाठी वराची निवड ही ठिकाणाची निवड बनते. ग्रामीण तरुणांच्या अविवाहितपणाचे हे मूळ कारण होय.

१०. शिफारशी

गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याची प्रभावी अंमलबजावणी आवश्यक आहेच. पण तिचे फळ दोन दशकांनंतर मिळेल. तातडीचा उपाय गाव स्त्रीला राहण्याजोगे करणे हा आहे. घरापर्यंत पाणी, नियमित एसटी, तालुक्याला स्त्रियांसाठी रोजगार, शेतजमिनीवर पत्नीचेही नाव आणि लग्नानंतर शिक्षण पुढे चालू ठेवण्याची सोय या बाबी विवाहाच्या प्रश्नाशी थेट निगडित आहेत. राष्ट्रीय सेवा योजना व विद्यार्थी विकास मंडळ यांच्यामार्फत विवाहपूर्व मार्गदर्शनाचे उपक्रम महाविद्यालयांना घेता येतील. त्यांत मुलींइतकाच मुलांशीही घरकाम, एकत्र राहणे आणि गरज पडल्यास पत्नीच्या गावी स्थायिक होणे यांविषयी मोकळा संवाद व्हावा. समाजशास्त्र, भूगोल व अर्थशास्त्र विभागांनी एकत्रितपणे आपल्या परिसरातील विवाहांच्या अंतराचा व दिशेचा अभ्यास हाती घेतल्यास पदवीच्या विद्यार्थ्यांना उत्तम प्रकल्पविषय मिळेल आणि स्थानिक धोरणालाही आधार लाभेल.

सोलापूरच्या तरुणांनी आपली मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे नेली. त्या मागणीचा पूर्वार्ध कोणतेही शासन पूर्ण करू शकणार नाही. वधू ही पुरवठ्याची वस्तू नव्हे. परंतु ज्या गावात मुलगी आपल्या इच्छेने नांदावयास येईल, असे गाव उभे करणे हे शासन व समाज या दोघांनाही शक्य आहे. तसे घडेल तेव्हाच ग्रामीण तरुणाचे 'स्थळ' पुन्हा चांगले म्हटले जाईल.